राणी व्हिक्टोरियाच्या काळात म्हसळ्याची पोरं काय खेळायची?

‘व्हिक्टोरियन खेळणी’ असं शोधून बघा. चिनी मातीच्या गोऱ्या बाहुल्या, डुलणारे लाकडी घोडे, तीन मजली बाहुलीघरं आणि लाल डगल्यातले शिशाचे शिपाई असलेले फोटो एकामागून एक येतील. पण राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ अशी ६३ वर्षांहून जास्त काळ गादीवर होती आणि त्या काळात तिच्या साम्राज्यातली बहुतेक मुलं इंग्लंडमध्ये नव्हे, हिंदुस्थानात वाढत होती. मग त्यांच्या हातात काय होतं?

उदाहरणासाठी रायगडातलं म्हसळा घेऊ. राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाशी असलेलं हे गाव तेव्हा जंजिरा संस्थानात होतं. तिथे थेट इंग्रज सरकारचं नाही, तर सिद्दी नवाबांचं राज्य होतं. आधी इब्राहिम खान आणि १८७९ पासून अहमद खान. त्यांच्यावर वरचष्मा मात्र मुंबई सरकारचा. गावाच्या आजूबाजूला भातशेती, डोंगर, माड-पोफळीच्या वाड्या आणि खाडीतून होणारी गलबतांची ये-जा. खेळण्यांचं दुकान नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

समुद्राने आणून दिलेलं खेळणं

सागरगोटे हा खेळ आजीकडून ऐकला असेल. नावातच समुद्र आहे, हे कधी लक्षात आलंय का? सागरगोटा ही एका काटेरी वेलीची बी. तिलाच गजगा असंही म्हणतात. ही वेल किनाऱ्यालगतच्या झुडपांत वाढते, तिच्या शेंगांनाही काटे असतात आणि आत राखाडी, गुळगुळीत, दगडासारख्या टणक बिया निघतात. या बिया पाण्यावर तरंगतात आणि लाटांबरोबर दूरवर जाऊन दुसऱ्या किनाऱ्यावर रुजतात.

खेळ सोपा वाटतो, पण सोपा नाही. एक बी वर उडवायची, ती खाली येईपर्यंत जमिनीवरच्या बिया उचलायच्या आणि वरची झेलायची. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन. शेजारच्या बीला धक्का लागला की डाव गेला. पावसाळ्यात कोकणातल्या पडवीत बसून खेळायला याहून चांगला खेळ सापडणार नाही. शिवाय बी दगडावर घासून गरम करायची आणि शेजारच्याच्या दंडाला चटका द्यायचा, हा जोडधंदा होताच. घरातल्या मोठ्यांना हीच बी तापावर आणि पोटदुखीवर उगाळून द्यायला लागायची, त्यामुळे खेळण्याचा डबा आणि औषधाचा बटवा यांच्यात फारसा फरक नसे.

गंमत बघा. इंग्रजीत या बीला ‘निकरनट’ म्हणतात आणि ‘निकर’ म्हणजे गोटी. समुद्राच्या प्रवाहांबरोबर अशा बिया स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांपर्यंत पोहोचायच्या. तिथे त्या रुजत नसत, पण लोक त्या जपून ठेवत आणि दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधत. म्हणजे जी बी आपल्याकडे पोरी हवेत उडवायच्या, तीच बी तिकडे ताईत व्हायची.

सागरगोट्यासारखी कितीतरी खेळणी कोकणात झाडावरच लागतात. पोफळीचं सुकलेलं पान खाली पडतं तेव्हा त्याच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद विरी असते. तिच्यावर धाकट्याला बसवायचं, पानाचं टोक धरायचं आणि अंगणभर ओढत न्यायचं. झाली गाडी! माडाच्या पातीची पिपाणी आणि भिंगरी होते. आंब्याचा बाठा रुजला की त्याची कोय घासून तिची पिपाणी करतात. काजूच्या हंगामात बिया मांडून नेम धरायचा आणि जिंकलेल्या बिया खिशात. बांबूच्या नळीत कच्ची टणक फळं कोंबून मागून दट्ट्या मारला की फट्कन बार निघतो. चिंचोके आणि कवड्या तर घरोघरी.

यातलं काहीही संग्रहालयात ठेवायला टिकत नाही. विरी पहिल्या पावसात कुजते, पिपाणी दुसऱ्या दिवशी सुकते. चिनी मातीची बाहुली मात्र काचेच्या कपाटात दीडशे वर्षं टिकते. ‘त्या काळची खेळणी’ म्हणून आपल्याला जे दाखवलं जातं ते बहुतेक श्रीमंतांच्या घरातलं का असतं, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

राणीची बाहुली आणि आपली ठकी

व्हिक्टोरिया स्वतः लहानपणी कशाशी खेळली? महागड्या बाहुल्यांशी नव्हे. तिच्याकडे १३२ छोट्या लाकडी बाहुल्या होत्या, आणि त्यांतल्या अनेकींचे कपडे तिने आणि तिची सांभाळ करणारी बाई लेझेन यांनी मिळून शिवले होते. खुंट्यांच्या सांध्यांची, अगदी साधी अशी ही बाहुली तिकडे बाजारात स्वस्तात मिळायची. आपल्याकडे जुन्या घरांत लाकडी बाहुलीला ‘ठकी’ म्हणत. बडोद्याच्या राजवाड्यातली असो की वाडीतल्या घरातली, ठकीचं काम एकच: तिला नटवायचं आणि तिचं लग्न लावायचं.

कोकणातल्या लाकडी खेळण्यांचं मोठं केंद्र म्हणजे दक्षिणेकडचं सावंतवाडी. तिथल्या चितार आळीत आजही लाकडी फळं, भाज्या, भातुकलीचे संच रंगवले जातात. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे गोल रंगवलेले पत्ते, हीसुद्धा याच चितारी कारागिरांची कला. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे १२ याप्रमाणे १२० पत्ते असतात.

परदेशी खेळणी हिंदुस्थानात आली ती मुंबईच्या बंदरातून. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपचा माल लवकर येऊ लागला. त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. विलायती म्हणून जी खेळणी विकली जात, त्यांतली पुष्कळशी खरं तर जर्मन असत. तिथल्या थुरिंजिया भागात सोनेबर्ग नावाचं गाव बाहुल्यांसाठी प्रसिद्ध होतं. अख्खी कुटुंबं घरी बसून बाहुल्यांची डोकी, हात, पाय बनवत आणि त्या कामाला लहान मुलंही असत. लंडनच्या श्रीमंत मुलीच्या मांडीवरची बाहुली कुठल्या तरी गरीब जर्मन मुलीच्या हाताखालून गेलेली असायची. तिच्यासाठी ती बाहुली खेळणं नव्हती, काम होतं.

सापशिडी इथून गेली, तिकडून परत आली

मोबाईलवर ल्युडो खेळणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. सोंगट्या किंवा पचिशी हा आपल्याकडचा जुना खेळ. कापडाचा पट, कवड्यांचं दान आणि तासन्‌तास चालणारी भांडणं. इंग्रजांनी तो पाहिला, सोपा केला, कवड्यांच्या जागी फासा आणला आणि १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘ल्युडो’ नावाने त्याचं पेटंट घेतलं गेलं.

सापशिडीचंही तेच. आपल्याकडे ज्ञानपट किंवा मोक्षपट नावाचे पट होते. परंपरा मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. घरांवर गुण-अवगुण लिहिलेले, शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि सगळ्यात वर मोक्ष. १८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये छापून विकायला लागला. तिकडच्या सुरुवातीच्या पटांवरही नीतिबोध होता, फक्त व्हिक्टोरियन पद्धतीचा: काटकसर केली की वर, आळस केला की खाली. जुन्या हिंदुस्थानी पटांवर साप जास्त आणि शिड्या कमी असायच्या. इंग्रजांनी हळूहळू दोन्ही सारखे केले. माझ्या मते जुना पट जास्त प्रामाणिक होता.

रविवारी मात्र कडक धार्मिक इंग्रज घरांत खेळावर बंदी असे. अपवाद एकच, नोहाची नौका. लाकडी होडी आणि प्राण्यांच्या जोड्या, बायबलमधली गोष्ट म्हणून चालायची.

चित्रांच्या खेळण्यांत आपण मागे नव्हतो. तिकडे ‘मॅजिक लँटर्न’ म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर पाडणारं यंत्र लोकप्रिय होतं. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास तेच तंत्र वापरून ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचपट्ट्या हाताने रंगवलेल्या, त्यांवर रामायण-महाभारतातले प्रसंग, आणि पट्ट्या सरकवून चित्रं हलवायची. सिनेमा मुंबईत पोहोचायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

कुणावर राज्य?

विटीदांडू लंडनच्या गल्लीतही होता. तिकडे त्याला ‘टिपकॅट’ म्हणत. दोन्ही टोकं निमुळती केलेली काटकी, तिला टोला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपाळाला टेंगूळ. पण आपल्या विटीदांडूत एक गूढ आहे. गलीपासून अंतर मोजताना मराठी पोरं वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणत. हे मराठी आकडे नाहीत. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शब्द कोकणापर्यंत कोणत्या वाटेने आले असतील याचा विचार करा. पुस्तकातून नक्कीच नाही, पोरांच्या तोंडूनच आले असणार.

आंधळी कोशिंबीर तिकडच्या दिवाणखान्यात नाताळच्या वेळी मोठी माणसंही खेळत. लपंडाव, भोवरे, गोट्या दोन्हीकडे. सूरपारंब्या मात्र तिकडे असणं शक्यच नव्हतं, त्याला वड लागतो. फुगडी, टिपरी, हुतूतू तर इतके जुने की तुकोबांच्या गाथेत या खेळांवर अभंग आहेत. इंग्रज इथे येण्याआधीपासून चालत आलेले हे खेळ. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) पोरांच्या खेळांचे शब्द नोंदवले, तेव्हा त्याला काहीतरी नवं सापडलं नव्हतं, गल्लीत चाललेलं ऐकून त्याने लिहून घेतलं.

मराठी खेळात ज्याच्यावर डाव येतो, जो सगळ्यांच्या मागे धावून दमतो, त्याच्यावर ‘राज्य’ असतं. साम्राज्यावर याहून चांगला शेरा कुणी मारलेला नाही.

आणि पकडापकडीला आपण काय म्हणतो? शिवणापाणी, शिवाशिवी. शिवलं की बाद. हाच शब्द मोठ्यांच्या जगात जातीच्या विटाळासाठी होता. खेळात ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य येई आणि पुढच्या मिनिटाला ते दुसऱ्यावर जाई. गावात तसं नव्हतं. म्हसळ्याहून खाडीपलीकडे मंडणगडजवळचं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १८९१ मध्ये जन्मलेला हा मुलगा साताऱ्याच्या शाळेत जायचा तेव्हा त्याला बसायला वेगळं गोणपाट न्यावं लागे आणि तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. वर्गात ही स्थिती असताना मैदानात कोण कुणाला शिवू शकत होतं, हे वेगळं सांगायला नको.

भातुकली किती वर्षं चालायची?

बालपणाचा विषय निघाला की सगळे खेळांच्या याद्या करतात. खरा प्रश्न, खेळायला वेळ कुणाला आणि किती वर्षं मिळत होता हा आहे.

इंग्लंडमधली भातुकली म्हणजे बाहुलीघर आणि चहाचे छोटे कप. आपल्याकडे पितळेची चूल, परात, जातं, पोळपाट. दोन्हीकडे हेतू एकच: मुलीला पुढच्या कामाची सवय लागावी. फरक असा, की आपल्याकडे ‘पुढे’ फार लवकर यायचं. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी झालं. कल्याणच्या यमुनेचं नवव्या वर्षी. ती पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली, पण त्याआधी चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही अकराव्या वर्षी सासरच्या झाल्या.

आता मंगळागौरीकडे बघा. झिम्मा, फुगडी, पिंगा, लाट्या, कोंबडा असे कितीतरी खेळ श्रावणात नवविवाहिता रात्रभर जागून खेळतात. आज हौशी मंडळांचे कार्यक्रम होतात, त्यात पस्तीस-चाळीस वर्षांच्या बायका असतात. पण १८७० च्या दशकातली ब्राह्मण घरातली नवविवाहिता म्हणजे दहा-बारा वर्षांची मुलगी. लग्नानंतर पाच वर्षं मंगळागौर पूजायची, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत सोळाव्या वर्षापर्यंत. हे सगळे लहान मुलींचेच खेळ आहेत. मुलगी सासरी गेली, खेळाचं वय मात्र संपलं नव्हतं. मग त्या वयाला वर्षातून थोड्या रात्री सुट्टी दिली गेली. मंगळागौर मला नेहमी या नजरेनेच दिसते.

रखमाबाईंचं लग्नही अकराव्या वर्षी झालं होतं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे जायला नकार दिला आणि १८८४ पासून मुंबईत तो खटला गाजला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वय १० वरून १२ वर आलं. त्यावरून पुण्या-मुंबईत रणकंदन माजलं. त्याच राणीच्या इंग्लंडमध्ये हे वय १८८५ मध्येच १६ झालं होतं. एकच राणी, पण बालपणाच्या दोन लांब्या.

मुलांचं बालपण कामाने खाल्लं. मुंबईत १८५० च्या दशकात कापड गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातली माणसं गलबतांतून, मग आगबोटींतून तिकडे जाऊ लागली. गिरण्यांत लहान मुलंही होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही ‘सुधारणा’ होती, म्हणजे आधी काय असेल याचा अंदाज करा. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं आणि तास सात. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी, १० जून १८९० रोजी. गिरणीतल्या पोरालाही खेळायला अख्खा दिवस तेव्हापासून मिळाला.

इंग्लंडमधली गरीब पोरंही यातून सुटलेली नव्हती. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या रस्त्यावर पाल्याच्या जुड्या विकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीशी बोलून तिची हकीकत १८५१ च्या ग्रंथात छापली. त्याने बागांबद्दल विचारलं, तेव्हा बागा कुठे असतात हेच तिला ठाऊक नव्हतं. खाणीत दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि कोणत्याही वयाच्या मुलींना उतरवायची बंदी १८४२ मध्ये आली, आणि शाळा सक्तीची झाली १८८० मध्ये. व्हिक्टोरियन खेळण्यांच्या फोटोंत ही मुलं दिसत नाहीत.

म्हणून म्हसळ्यातल्या विरीच्या गाडीचं मला कौतुक वाटतं. गुरं राखणाऱ्या पोराला खेळासाठी कामातून उठावं लागत नव्हतं, रानातच गोट्या आणि तिथेच विटी. गरिबी होतीच, पण गिरणीचा भोंगा नव्हता.

पुढे काय झालं?

व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारली. नंतरच्या दशकांत पुण्यात डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी खो-खो, आट्यापाट्या, हुतूतू यांचे नियम बांधले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोशा’चे खंड काढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे हुतूतू करून दाखवला. आज त्याच घराण्यातल्या कबड्डीच्या लीगमध्ये कोट्यवधींच्या बोली लागतात. या यादीत कोणते खेळ नाहीत बघा: सागरगोटे, ठिकऱ्या, भातुकली. मुलग्यांच्या मैदानी खेळांना नियमपुस्तकं, संघटना आणि पदकं मिळाली. पडवीत बसून मुली जे खेळायच्या ते आजीकडून नातीकडे जात राहिले, आणि आजी वेगळ्या गावात राहायला लागल्यावर थांबले.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी मराठी खेळणी आणि सोंगट्यांचे पट आहेत. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना कारागीर दिसतात. सागरगोट्यासाठी तिकीट लागत नाही. कोकणात गेलात तर किनाऱ्यालगतच्या काटेरी जाळीत तपकिरी, काट्यांनी भरलेली शेंग शोधा. हाताने उघडू नका, काठीने फोडा. आत बहुतेक दोन बिया मिळतील, आणि खेळायला किमान पाच लागतात.